येते गं

पाखरांच्या डॉक्टरांना पंख कापायचा मनस्वी तिटकारा होता. उडणं काढून घेतलं की पोपटाचा नुसता हिरवा बटाटा उरतो, असं ते लोकांना तोंडावर सांगत. पण समोरची बाई काही केल्या ऐकेना. टॉवेलात गुंडाळलेला पोपट तिने छातीशी असा आवळून धरला होता, की कात्री लागायच्या आधीच तो गुदमरायचा.

"घरात पंखा लावत नाही, खिडक्यांना जाळ्या ठोकल्यात," ती म्हणाली. "तरी काल दार उघडलं आणि हा जिन्यापर्यंत उडाला. पाया पडते तुमच्या, कापा."

"पण परत आला ना?"

"आला. पुढच्या वेळी नाही आला तर?"

डॉक्टरांनी नाइलाजाने कात्री उचलली. तेवढ्यात कुणीतरी बाहेरचं दार लोटलं आणि टॉवेलातून लाडिक आवाज आला, "आई, येते गं!"

डॉक्टरांना हसू फुटलं. "अहो, नर आहे हा! 'येतो' म्हणायला शिकवा त्याला. आणि बघा, 'जाते' म्हणत नाहीये, 'येते' म्हणतोय. ज्याला परत यायचंय, त्याचे पंख कशाला कापायचे?"

बाई हसली नाही. तिने टॉवेलातून एक पंख अलगद सोडवला आणि कात्रीसमोर धरला.

"कापा, डॉक्टर. ज्या लेकीनं त्याला हे शिकवलं, तीसुद्धा चार वर्षांपूर्वी 'येते' म्हणूनच गेली."