चौथ्या दिवशीचा कौल

मासेमारीच्या बंदीत होडी किनाऱ्याला लागली, तशी धर्मेशने जव्हारच्या डोंगरात दोन दिवसांसाठी लाकडी केबिन बघून ठेवली. त्याच्या आईला, हिराबाईंना, जायची भारी हौस; पण देवीच्या कौलाशिवाय त्या गाव सोडत नसत. “माये, जाऊ का?” म्हणून तीन दिवस त्यांनी देवीला फूल लावलं. उजवीकडे पडलं की होकार, पण ते पडायचं डावीकडेच. हिराबाईंना घास गोड लागेना.

“आये, केबिनवाला थांबायचा नाय. आज काय ते सांग!” धर्मेश कावला.

चौथ्या सकाळीही फूल डावीकडेच पडलं. हिराबाई मात्र हात जोडून लगबगीने उठल्या आणि सुनेला म्हणाल्या, “पूर्वी, माझी पिशवी भर गो!”



आज त्यांनी देवीला विचारलं होतं, “माये, मी घरीच राहू का?”