मिसेस टफ्ट्सचा आवाज

"रेडिओवरच्या हजेरीला तुम्ही नव्हता, ब्रदर हेडली," लिओटा स्पार्क्स दारातूनच म्हणाली.

"संच बंद आहे."

"संच बंद आहे, की तुम्ही?"

 कोट अंगात तसाच ठेवून हेडली क्लाइक थंड चुलीपुढे बसला होता. घरापासून समुद्र चाळीस पावलांवर. हिवाळ्यातलं सगळ्यात मोठं वादळ दुपारी अडीचला, ऐन भरतीच्या वेळी येणार, असं हॅलिफॅक्सच्या वेधशाळेतून सकाळपासून सांगत होते. सगळी गल्ली टेकडीवरच्या चर्चमध्ये गेली होती. हेडलीला न्यायला पोलीस दोनदा आला, पास्टर एकदा आले. त्याने प्रत्येकाला चहा विचारला आणि प्रत्येकाला नाही म्हटलं. नोव्हेंबरात बायकोला मातीत ठेवून आल्यापासून त्याचं असंच चाललं होतं. रडणं नाही, रागावणं नाही. जिथे टेकला तिथे टेकला.

लिओटा गावातल्या अकरा हौशी रेडिओवाल्यांची म्होरकी. तिने बर्फ झटकलं आणि न विचारता खुर्ची ओढली.

"मी तुम्हाला न्यायला आलेली नाही. मला एक चांगला कान हवाय."

"म्हणजे?"

"गॅनेट पॉइंटला एक बाई अडकलीय. मिसेस टफ्ट्स. कुठल्याशा उन्हाळी बंगल्याची राखण करते म्हणे. भाच्याचा जुना संच सापडलाय तिला. रस्ता गेला, बोट जाणार नाही. आवाज इतका बारीक की आम्हाला धड कळतच नाही. चर्चच्या घंटाघरातून कदाचित लागेल."

"ऑस्बर्नला बसवा."

"ऑस्बर्नला? बायको त्याच्या कानाशी ओरडते, तेसुद्धा ऐकू येत नाही त्याला!"

हेडली हसला नाही. पण उठला आणि शेल्फवरून आपला संच उचलला.

"वादळ ओसरेपर्यंत," तो म्हणाला. "मग मी परत येणार."

"या की. कोण अडवतंय?"

घंटाघरात लिओटाने त्याला घोंगडी दिली, बॅटरी दिली. "मी खाली स्वयंपाकघरात. मोठा संच तिथेच मांडलाय. मला काही सांगायचं तर वरच्या वाहिनीवर, तिच्याशी बोलायचं ते खालच्या. दर दहा मिनिटांनी बोलतं ठेवा तिला. या थंडीत डोळा लागला तर संपलंच."

खाली सभागृहात साठ माणसं, खाटा, पोरांची रडारड, माशांच्या सुपाचा वास. वर नुसता वारा. हेडलीने संच कानाला लावला. खरखर. मग त्या खरखरीच्या तळाशी धाग्याएवढा, म्हातारा, कापरा आवाज.

"...कोणी... आहे का हो..."

"आहे. मी हेडली क्लाइक. बोला, मिसेस टफ्ट्स."

त्याने वाहिनी बदलली. "लिओटा, लागली बाई. पण तिच्या संचाला अँटेना तरी आहे का?"

उत्तर यायला जरा वेळ लागला. "असेल एखादी तार. तुम्ही तिला ते विचारत बसू नका, बिचारी आणखी गांगरेल."

त्याने नाही विचारलं. पांघरुणं किती, लाकडं किती, बोटं हलताहेत का, एवढंच विचारलं. बाई थोडक्यात सांगायची. मग तीच विचारू लागली.

"तुमच्या घरी कोण असतं?"

"कोणी नाही."

"कधीपासून?"

"नोव्हेंबर."

"नाव काय होतं तिचं?"

त्याने बटण दाबलं.

"विनेटा," तो म्हणाला. दफनानंतर ते नाव त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं. निघालं तेही गावाचं नाव सांगावं तसं. आत काही हललं नाही.

खाली पास्टरांनी उपदेश सुरू केला. आधी बोलण्यात, मग शब्दांना हळूच सूर लागला आणि बघता बघता उपदेशाचं गाणं झालं. ओळ सुटली की साठ माणसं ती झेलायची. वादळात नाव हाकणाऱ्या प्रभूचं आख्यान. घंटाघराच्या फळ्या त्या सुराने थरथरत होत्या. बाईलाही ऐकवावं म्हणून हेडलीने संच फटीशी धरला. त्याने बटण दाबायच्या आतच ती तेच गुणगुणत होती.

आपल्यातलीच दिसते, त्याला वाटलं.

अडीचला समुद्र गल्लीत शिरला. झडपेतून हेडलीने पाहिलं. माणूस झोपेत कूस बदलतो तसं त्याच्या घराचं छप्पर एका अंगावर वळलं, मग तिथे पाणीच होतं. तो पाहत राहिला. हात बधिर, पाय बधिर, छातीतही तेच. नजर घड्याळाकडे गेली. दहा मिनिटं झाली होती.

"मिसेस टफ्ट्स, जाग्या आहात ना?"

"आहे. तुम्ही?"

"मीही आहे."

"काय दिसतंय तिकडून?"

"पाणी," तो म्हणाला. "तुमच्या दाराशी आलंय का ते सांगा."

"नाही आलं. आता बोलत राहा. गप्प नका बसू, मिस्टर क्लाइक."

तो बोलत राहिला. विनेटा भाकरीत काकवी जास्त घालायची, ते सांगितलं. गाताना ती नेहमी अर्धी मात्रा पुढे धावायची, तेही सांगितलं. तिकडून मध्येच आवाज तुटला, मग बाई जरा वेळाने म्हणाली, "थंडीने नाक वाहतंय हो."

चारच्या सुमारास वारा पडला आणि हेडलीची बॅटरी उतरू लागली.

"खाली जाऊन नवी घेऊन येतो. पाच मिनिटं. झोपायचं नाही, माझी शपथ आहे."

"लवकर या."

तो शिडी उतरला. सभागृहातल्या बायकांनी त्याला पाहून पाय आवरून वाट करून दिली.  संच त्याच्या हातात चालूच होता. त्याने स्वयंपाकघराचं दार ढकललं.

मोठा संच भिंतीशी गप्प होता. लिओटा पाठमोरी, मांडीवर बटाट्यांची परात घेऊन एकटीच बसली होती, शाल तोंडावर ओढून. तिच्या डाव्या हातात छोटा संच होता आणि त्याची फिरवून काढलेली अँटेना शेजारी, सालींच्या ढिगात पडली होती.

"मिस्टर क्लाइक," म्हातारा, कापरा आवाज तिच्या शालीतून आणि त्याच्या हातातून एकदमच निघाला, "आहात ना हो अजून?"