थांबती चादर

या माउली, जरा पुढं सरकून बसा. एका चादरीची गोष्ट सांगतो.

भरलेला वॉर्ड आणि सिस्टर एकटी, लीलावती. त्या दुपारी कीर्तनकार दिगंबरबुवांना दम लागला आणि नेमका तेव्हाच शेजारच्या खाटेवरच्या बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला. लीलावतीला हात दोनच.

"आधी त्या लेकराच्या आईला बघ गं," बुवा धापा टाकत म्हणाले. "माझा धनी आहे माझ्याजवळ. राम... कृष्ण..."

तिनं थांबती चादर त्यांच्यावर ओढली. त्या चादरीखाली काळ थिजतो. अडकलेला श्वास अडकलेलाच राहतो, पण जीव जात नाही. वॉर्डात ती चादर एकच.

मग ती बाळंतिणीकडे धावली. इंजेक्शन दिलं, पोट चोळलं, डॉक्टरांना बोलावलं, रक्त चढवलं. खिडकीतलं ऊन भिंतीवर गेलं तेव्हा कुठं रक्त थांबलं आणि पोरीनं पाणी मागितलं.

आता बुवा. ऑक्सिजनचा मास्क हातात धरून लीलावतीनं चादर काढली.

मास्क लागला. छातीचा भाता हलला.

"...हरी," बुवा म्हणाले, आणि तिच्याकडे बघतच राहिले. "अगं, एका नामात एवढी घामाघूम? केस कधी विस्कटले?"

"तुमचं नाम फार लांबलं हो, बुवा!" हसता हसता ती स्टुलावर मटकन बसली.

चादरीखाली दुसऱ्याचा काळ थांबला तरी सिस्टरचा चालूच असतो, माउली. म्हणून 'राम कृष्ण' म्हणाल तेव्हा 'हरी'च्या आधी क्षणभर थांबा, आणि आमच्या लीलावतीची आठवण काढा.