टुंबोच्या वेलीखाली

"साबिना!"

धुक्यातून हाक आली आणि साबिनाच्या हातातली टुंबोची पिवळी फळं खाली सांडली. आवाज सासूचा होता. पण सासू असणं शक्य नव्हतं. धुकं उतरलं की या रानात कोणी कोणाला नावानं हाक मारत नाही. नाव कळलं की डोंगर माणसाला घेऊन जातो, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. आणि कासिमिरा म्हातारीनं तर लग्न झाल्यापासून सुनेचं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. तिच्या लेखी ती 'खालच्या गावची'.

"साबिना! ये गं!"

डोंगरच तो. साबिनानं शालीचा बोळा तोंडात कोंबला आणि ती शेवाळलेल्या बुंध्याआड दडली. घरी अंगावर पिणारं पोर होतं. ओ दिली तर ते पोरकंच व्हायचं.

सकाळी कड्यावरची वेल कापून तिला उंचावरची फळं पाडायची होती. म्हातारी कडाडली होती, "विळा ठेव! वरची फळं अस्वलाची. खालच्या गावात मका पिकतो, अक्कल नाही!" साबिना रागानं दुसरीकडे निघून गेली होती.

पुन्हा हाक आली. या वेळी बारीक, रडवेली. डोंगर रडतो का?

तिनं तोंडातली शाल काढली. सासूला ती 'मामाय' म्हणायची.

"मामाय असाल तर सांगा, मला काय म्हणता?"

मग कड्याखालून आवाज आला, "खालच्या गावची आळशी! परीक्षा कसली घेतेस, मरतेय मी इथं!"

साबिना धावत सुटली. म्हातारी सकाळच्या त्याच वेलीला धरून दरीवर लोंबकळत होती. साबिनानं शालीला पीळ दिला, खाली सोडली, मुळांत टाचा रोवल्या आणि जीव खाऊन ओढलं.

वर आल्यावरही दोघी एकमेकींना घट्ट धरून बसून राहिल्या.

"धुक्यात नाव का घेतलंत, मामाय?"

"घाबरले गं. दुसरं काही आठवेचना."

हळूहळू ऊन आलं. धुकं दरीत उतरलं, समोरचा डोंगर लख्ख दिसू लागला. दोघी त्या बुंध्यापाशी परतल्या. म्हातारीनं सांडलेली फळं वेचली, शालीत बांधली आणि सुनेकडे न बघता म्हणाली,

"चल, साबिना."