घराण्याचं गाणं

सेगू गावात घराण्यांच्या वंशावळी गाऊन बिदागी घेणाऱ्या न्याबाला लग्नघरी आता कुणी गायला बोलवत नसे. "म्हातारी मधेच विसरते," म्हणायचे. तिच्या लेकीने, असितानने, हातापाया पडून आईसाठी कुलिबाली घराण्यातल्या लग्नाची सुपारी मिळवली. आणि न्याबाने कुलिबालींची सगळी वंशावळ, एकही नाव न चुकता, अशी गायली की म्हातारेकोतारेही रडले. मागे सूर धरून बसलेल्या असितानला तर हुंदका आवरेना.

गाणं संपल्यावर न्याबा तिच्याकडे वळली. "रडू नको गं पोरी. गळा गोड आहे तुझा. कुणाची तू? बापाचं नाव काय?"

असितानने डोळे पुसले. मग हळूच म्हणाली, "मादू कुयाते."

न्याबाने त्याही घराण्याचं गाणं मन लावून गायलं, आणि असितानपुढे बिदागीसाठी हात पसरला.