खिंडीतल्या नऊ घंटा

खालच्या घळीतून पहिली घंटा ऐकू आली, तसा सिफिस दगडावर सरसावून बसला. दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदूचं धुकं. पण कान असे, की वाऱ्यानंही त्यांच्यासमोर जपून बोलावं.

“म्होरक्या मेंढा आला,” तो म्हणाला. “झऱ्यापाशी आहे अजून.”

शेजारी त्याचा जुना दोस्त झाखारिस तेलात भिजवलेला कडक पाव चघळत होता. दोघं म्हातारे पहाटेच गाढवावरून खिंडीत येऊन बसले होते. झाखारिसला गप्प बसवत नसे, आणि बोलायचं तर दोन ओळी जुळवूनच बोलायचं, ही त्याची खोड गावाला पाठ होती.

“कळप चढे घळीतून, सून चाले मागं,
खिंडीमधे सासऱ्याचा जीव टांगणीला लागं.”

“गप रे. ऐकू दे.”

जीव टांगणीला लागला होता, हे खरंच. मुलाचा, पान्देलिसचा, पाय प्लास्टरमध्ये. उन्हाळ्याच्या कुरणावर कळप चढवायचा कुणी? “मी,” अर्गिरो म्हणाली. बंदरावर वाढलेली सून, लग्नाला दोन वर्षं. सिफिस कॉफीच्या दुकानात चारचौघांत ताडकन बोलून गेला होता, “एकटीनं खिंड पार केलीस तर कळप तुझा. नाहीतर उद्याच्या उद्या विकून टाकतो.” बोलून गेला, आणि रात्रभर कूस बदलत राहिला. कळप गेला की त्या नऊ घंटाही जाणार. एकेक त्यानं लोहाराच्या दुकानात तासन् तास बसून, वाजवून, आधीच्या घंटेशी सूर जुळवून निवडली होती.

घंटा वर सरकत होत्या. मोठी पुढं, बारक्या मागं, कुणाची धावपळ नाही. पोरीनं त्यांना पाणी पाजलं होतं वाटतं. सिफिसला बरं वाटलं, पण क्षणभरच. आता ती कड येणार होती. जेमतेम एका मेंढराच्या रुंदीची वाट, आणि समोर उभा कडा. म्होरक्याला आपलीच घंटा कड्यावर आदळून समोरून ऐकू येते. दुसरा कळप अंगावर येतोय असं वाटून तो बिचकतो, मागचे ढकलतात. सिफिसची चार मेंढरं तिथून खाली गेली होती, तीही तो स्वतः बरोबर असताना.

घंटा थांबल्या.

मग मोठी एकदा अर्धवट वाजली आणि मुकी झाली. तिच्यामागून दुसरी. तिसरी.

सिफिस काठी टेकत उठलाच. “चोर! झाखारिस, गवत कोंबतायत! घंटांत गवत कोंबतायत!”

“तुला बरं ओळखता येतं.”

“चेष्टा पुरे! कोण आहे रे तिकडं?” तो घळीत ओरडला. कड्यानं त्याचाच आवाज परत केला. “झाखारिस, मेंढरं जाऊ देत खड्ड्यात. पोर एकटी आहे खाली.”

झाखारिसनं त्याचा दंड घट्ट धरला. दोघं तसेच उभे राहिले. नववी घंटाही विझली. वारा तेवढा वाजत राहिला, आणि वर कुठंतरी गिधाडाचे पंख.

मग खूर. दगडावर, एकामागून एक, न धावता. लोकरीचा वास. आणि सिफिसच्या तळहाताला म्होरक्याचं ओलं नाक.

“बाबा, साठच्या साठ आली,” अर्गिरो धापा टाकत म्हणाली. “मोजून घ्या हवं तर.”

“घंटा कुठायत?”

“गळ्यातच आहेत की. गवत भरलंय. म्हटलं, ह्याचं ह्यालाच ऐकू आलं नाही, तर बिचकेल कशाला?”

“ही चोरांची रीत आहे! कुणी शिकवली तुला?”

“आईंनी.”

“कालिओपीनं? माझ्या बायकोनं?”

“हो. म्हणाल्या, लग्नाआधी तुम्ही त्यांच्या वडिलांची चौदा मेंढरं ह्याच कडेवरून अश्शीच चोरून नेलीत. त्यांनी गच्चीवरून सगळं पाहिलं होतं.”

झाखारिसला पावाचा ठसका लागला. “सगळं? म्हणजे... मलाही?”

“तुमचं नाव तर आधी घेतलं, काका.”

“आणि पन्नास वर्षं बोलली नाही!”

“म्हणाल्या, बोलले असते तर वडिलांनी ह्यांना जिवंत ठेवलं नसतं. मग मी लग्न कुणाशी केलं असतं?”

झाखारिस हसत सुटला. सिफिसच्या मिशा थरथरत होत्या, पण त्यानं तोंड फिरवलं.

“समुद्र दिसतोय का आज?” थोड्या वेळानं त्यानं विचारलं. “दोन्हीकडचा?”

अर्गिरोनं डोळ्यांवर हात धरला. ह्या बाजूला पाहिलं, त्या बाजूला पाहिलं. “दिसतोय, बाबा. दक्षिणेचा गडद निळा आहे. आमच्या बंदराकडचा नुसता चमकतोय.”

“हं.” तो दगडावर बसला. “काढ आता ते गवत. एकदम नको. एकेक. मोठीपासून.”

तिनं मोठीतलं गवत उपसलं. म्होरक्यानं मान झटकली, आणि खिंडीत पहिला सूर भरला. मग दुसरी घंटा आली, तिसरी आली. घरातली माणसं उजाडताना एकेक करून अंगणात यावीत तशा. सिफिस डोळे मिटून डोकं हलवत होता. नवव्या घंटेला डोकं थांबलं.

“ही बद्द वाजतेय. आवाज बसलाय. लोहाराकडं जाशील तेव्हा बदलून घे.”

“कुठली घेऊ?”

“मला काय विचारतेस?” सिफिस म्हणाला. “तुला कान नाहीत?”