बोट जाणार नाही अशी जाळी

"बोटसुद्धा आत येता कामा नये," ह्यांनी फॅब्रिकेटरला बजावलं. "आणि उंची सहा फूट. आकडी लावून फुलं तोडणारे लोक आहेत इथे."

लोक म्हणजे एकट्या शेजारच्या ठोसरवहिनी. रोज सकाळी देवासाठी आमच्या जास्वंदीची दोन फुलं घ्यायच्या, आणि हे खिडकीतून ओरडायचे, "विचारायची काही पद्धत?" बारा वर्षं हेच चाललं होतं. निवृत्त झाल्यावर ह्यांनी कुंपण मनावरच घेतलं, तेही रीतसर, सरकारी मोजणी करून.

मोजणीदार आला. त्याने टेप धरली, हद्दीचे दगड शोधले आणि चुन्याची रेघ मारली, ती जास्वंदीच्या दोन फूट अलीकडे. झाड ठोसरांचं निघालं.

"आता कशाला हवंय कुंपण?" मी म्हटलं. पण जाळी तयार होऊन दारात आली होती, आणि मोजणीचा अर्जही ह्यांचाच होता. सहाच्या सहा फूट उभी करून घेतली.

दुसऱ्या दिवशी पूजेच्या वेळेला हे रिकामी परडी घेऊन जाळीपाशी घुटमळत होते. ठोसरवहिनींनी पाहिलं.

"अहो भाऊजी, विचारायचं काय त्यात? घ्या की!" म्हणत त्यांनी टपोरं फूल जाळीला टेकवलं. ते काही भोकातून जाईना. मग त्यांनी एकेक पाकळी सुटी करून अलीकडे सरकवली, आणि हे खाली परडी धरून उभे राहिले.

जाळीचं काम मात्र चोख झालं होतं. वहिनींचं बोट काही आत आलं नाही.